वाघिणींची वाट

सिंदेवाहीच्या अलीकडे, रस्ता आणि रूळ जवळ येतात तिथे, एक चहाची टपरी आहे. जानेवारीतली सकाळ, सव्वासात वाजलेले. चुलीवर हात शेकत मी टपरीवाल्या दादांना सांगितलं, "वाघिणींचे फोटो काढायला आलोय." त्यांनी माझ्या भिंगाची लांबी नजरेनेच मोजली आणि म्हणाले, "मंग इकडं काहाले आले जी? जिप्सी ताडोब्यात भेटते." मी रुळांकडे बोट दाखवलं. "या वाघिणी. मालगाडीच्या."

"त्याले आमी डब्बे म्हंतो," ते म्हणाले. मग चहा गाळता गाळता, "वाघीण बी येते म्हना रुळावर. पुतन्याले दिसली होती."

वॅगन मराठीत आली आणि तिची वाघीण झाली. शाळेच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांत हा शब्द अजून तग धरून आहे, बोलण्यातून जवळजवळ गेलाच. मला मात्र तो सोडवत नाही. गोंदिया ते बल्लारशा या मार्गावर तर मुळीच नाही, कारण इथे दोन्ही जातीच्या वाघिणी एकाच रुळावरून जातात.

टपरीपर्यंत पोहोचायला मला तीन दिवस लागले होते. गाडीने सरळ आलो असतो तर अर्धा दिवस पुरला असता. पण मालगाड्यांच्या मागे लागलेला माणूस सरळ कुठेच जात नाही.

गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन आणि बल्लारशा दिल्ली-चेन्नई मार्गावरचं. या दोन हमरस्त्यांना नागपूर टाळून जोडणारी ही सुमारे २४० किलोमीटरची आडवाट. छत्तीसगडचा कोळसा, पोलाद, तांदूळ दक्षिणेकडे न्यायचा तर नागपूरवरून नव्वद-शंभर किलोमीटर जास्त पडतात, आणि नागपूरची खोटी वेगळीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने इथे अडीच फुटी नॅरोगेज टाकली होती. नव्वदच्या दशकात तिचं ब्रॉडगेज झालं. आता वर २५ हजार व्होल्टची तार आहे. रूळ मात्र अजून एकेरीच. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४,८१९ कोटी रुपयांच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, ती बातमी वाचली तेव्हाच मी या हिवाळ्याची सुट्टी मनात टाकून ठेवली. दुसरा रूळ पडला की समोरून येणाऱ्या गाडीसाठी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, तास-तासभर उभ्या राहणाऱ्या मालगाड्या दिसणार नाहीत. रेल्वेच्या आणि मालाच्या मालकांच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण मालगाडी पाहायची तर ती उभी असताना. पळणाऱ्या मालगाडीचा फोटो मिळतो. ओळख होते ती उभ्या गाडीशी.

माझं या भागाशी नातं जुनं. नागभीडजवळ मामाचं गाव. लहानपणी नागपूरहून नॅरोगेजने जायचो. ती गाडी इतकी सावकाश की दारात बसून मोहाची झाडं मोजता यायची. २०१९ च्या नोव्हेंबरात ती नागपूर-नागभीड छोटी गाडी बंद झाली, ब्रॉडगेजचं काम सुरू झालं. त्या गाडीचे माझ्याकडे फक्त चार फोटो आहेत, त्यातले दोन हललेले. मालगाड्यांच्या बाबतीत मी एवढी घाई का करतो, असं घरचे विचारतात. कारण ते चार फोटो.

नकाशावर ही वाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. गोंदियाहून वडसापर्यंत ती दक्षिणेकडे उतरते. वडसा ते नागभीड जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते. नागभीडहून मूलपर्यंत पुन्हा दक्षिण, आणि मग चांदाफोर्ट, बल्लारशाकडे नैर्ऋत्येला. फोटो काढणाऱ्याने हा जिना पाठ करायला हवा, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो. डिसेंबरच्या शेवटी या अक्षांशावर तो भर दुपारीही क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच असतो, डोक्यावर येतच नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर कॅमेरा पिशवीत घालावा लागतो. इंजिनाच्या कपाळाखाली सावल्यांची काजळी धरते. पौषात मात्र दिवसभर कलता उजेड मिळतो. त्यात गोम अशी की गोंदियाकडून दक्षिणेला येणाऱ्या गाडीच्या नाकावर ऊन असतं आणि बल्लारशाकडून येणारी तोंड काळं करून येते. तिचा फोटो घ्यायचा तर ती पुढे गेल्यावर, शेपटीकडून. कोळशाच्या भरल्या गाड्या दक्षिणेकडे आणि रिकाम्या उत्तरेकडे, असं जेव्हा जुळून येतं तेव्हा हा उजेड आपल्या बाजूने असतो. नेहमी जुळत नाही.

दुसरी गोष्ट तारेच्या खांबांची. एकेरी मार्गावर खांब बहुतेक एकाच बाजूला असतात. आपण त्या बाजूला उभे राहिलो की दर पन्नास-साठ मीटरवर एक लोखंडी दांडा गाडीच्या अंगावर आडवा येतो. म्हणून खांब पलीकडे ठेवायचे. खांब पूर्वेला आणि ऊन पूर्वेचं असेल तर? तर चहा प्यायचा.

पहिला दिवस गोंदिया ते अर्जुनी मोरगाव असा घालवला. गोंदियाला विदर्भात थंडीसाठी मान आहे. पारा आठ-नऊ अंशांवर उतरला तर तिथे कुणी बातमी करत नाही. धानाची कापणी होऊन महिना उलटलेला. बांध्यांमध्ये धसकटं, मधे मधे धानाचे पुंजणे, आणि ओल टिकलेल्या बांध्यांत लाखोळीची हिरवी गादी. तिला निळं फूल येऊ लागलेलं. जमिनीला टेकून फोटो काढला की खाली निळा ठिपका, वर कोळशाची काळी रेघ. मी ते करून पाहिलं. पँटचे दोन्ही गुडघे चिखलात भरले. फोटो सामान्य आला.

प्रवासी गाडीचं ठीक असतं, मोबाइलवर ती कुठे आहे ते कळतं. मालगाडीला वेळापत्रक नाही. ती सुटते माल भरून झाला की, आणि चालते रस्ता मोकळा असला की. देशभरातल्या मालगाड्यांचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास राहतो, म्हणजे सायकलवाल्यापेक्षा थोडा जास्त. ती हळू धावते म्हणून नव्हे, फार वेळ थांबते म्हणून. एकेरी मार्गावर तिच्या नशिबी सगळ्यांना वाट देणं असतं: एक्सप्रेसला, मेमूला, कधी दुसऱ्या मालगाडीला. त्यामुळे तिला शोधायची माझी रीत साधी आहे. मेमूची वेळ पाहायची आणि तिच्या पुढच्या-मागच्या स्टेशनात लूपमध्ये कोण दबून बसलंय ते बघायला जायचं. पक्षीवाले पाणवठ्यावर बसतात ना, तसं.

अर्जुनीच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनात ती सापडली. पुढे दोन हिरवी विजेची इंजिनं, मागे उघड्या वाघिणींची रांग, नजर पोचेल तिथपर्यंत. रेल्वेच्या हद्दीबाहेरच्या शेताच्या बांधावर उभा राहिलो. रुळांवर विनापरवाना फिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठं कारण असं की बांधावरून फोटो चांगले येतात. चार फूट उंची मिळते, रूळ थोडे वरून दिसतात, आणि गाडीच्या अंगाला मोजमाप मिळतं.

मोजमाप हा मालगाडीतला सगळ्यात अवघड भाग. कोळशाच्या गाडीला साधारण ५८ वाघिणी असतात. बॉक्सएन जातीची एक वाघीण पावणेअकरा मीटरला थोडी कमी. म्हणजे इंजिनं आणि ब्रेकव्हॅन सोडून सहाशे वीस मीटर. सुमारे चार हजार टन कोळसा. हे सगळं एका चौकटीत मावत नाही. मावलं तरी ती गाडी राहत नाही, रेघ होते. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने १५ ऑगस्ट २०२२ रोजी पाच भरलेल्या गाड्या एकमेकींना जोडून 'सुपर वासुकी' नावाची साडेतीन किलोमीटर लांबीची गाडी कोरबाहून राजनांदगावपर्यंत चालवली होती. २९५ वाघिणी, २७ हजार टन कोळसा. जे मी रेघ म्हणतोय ते त्या दिवशी जिल्ह्याची हद्द वाटलं असेल. इथल्या लूपमध्ये ती वासुकी मावलीच नसती. हा मार्ग एका गाडीच्या मापाने बेतलेला आहे.

म्हणून मी एकेक वाघीण पाहतो. तिच्या अंगावर ११ आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वाघिणीच्या जातीचे, पुढचे दोन तिच्या मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. एवढं कळलं की गाडी म्हणजे जत्रा वाटू लागते. शेजारी शेजारी उभ्या दोन वाघिणींत पंधरा वर्षांचं अंतर निघतं. एकीच्या पत्र्याला पोक आलंय, दुसरीचा रंग अजून चकचकीत. खडूने कुणी तरी खुणा केलेल्या, फुल्या आणि आकडे, त्या तपासणीवाल्यांच्या. उघड्या असतात त्या बॉक्सएन. धान्य, खत, सिमेंट जातं त्या बंद पेटीसारख्या बीसीएन. तळ उघडून वीज केंद्रात कोळसा ओतणाऱ्या बॉब्रन. पेट्रोल-डिझेलच्या गोल टाक्यांच्या बीटीपीएन. कोळशाच्या ढिगांवर चुन्याचा पांढरा फवारा मारलेला होता. ते सजावटीसाठी नसतं. वाटेत कुणी कोळसा उचलला तर पांढऱ्यात काळं भोक दिसतं.

मेमू गेली. सिग्नल हिरवा झाला. इंजिनाने भोंगा दिला, पुढचे दोन-तीन डबे हलले, आणि मग तो आवाज आला ज्यासाठी मी थांबतो. वाघिणींच्या जोडांमध्ये थोडी सैल जागा असते. इंजिन ओढू लागलं की ती जागा एकेक करून ताणली जाते, आणि खटक, खटक, खटक असा झटका पुढून मागे पळत जातो. पहिली वाघीण चालू लागलेली असते आणि अठ्ठावन्नावीला अजून पत्ताच नसतो. माझ्या समोरून तो आवाज गेला, मागे दूर जाऊन विरला, आणि मग सगळी गाडी एकदम शांतपणे सरकू लागली. हे कॅमेऱ्यात येत नाही. मी तरी कॅमेरा उचलला आणि शेवटच्या ब्रेकव्हॅनचा फोटो घेतला. दारात गार्डसाहेब मफलर गुंडाळून उभे. २०२२ पासून त्यांच्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालंय, पण बांधावरच्या पोराने हात हलवून "गार्डबाबू!" असंच ओरडलं, आणि त्यांनीही हात हलवला.

संध्याकाळी वडसा. कागदोपत्री देसाईगंज, स्टेशनच्या पाटीवर वडसा. गडचिरोली जिल्ह्याचं रेल्वेशी लग्न अनेक वर्षं या एकाच स्टेशनात लागलेलं आहे. पण महाराष्ट्रातल्या रसिकांनी वडसा ओळखायला हवं ते दुसऱ्या कारणासाठी. हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशात रांगेने आहेत, फलकांवर नट-नट्यांचे फोटो, खाली तारखांचे तक्ते. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या काही लोकांना कळलं की इथे नाट्यगृह नसतानाही हजारो माणसं तिकीट काढून नाटक बघतात.

लॉजवाल्या भाऊंनी बळेच एका गावी नेलं. मोकळ्या शेतात कनातीने घेरलेली जागा, खाली तणस अंथरलेली, माणसं घोंगडी-ब्लँकेटं घेऊन बसलेली. दहाचं नाटक अकराला सुरू झालं. मध्यरात्रीनंतर कधी तरी, नायकाची आई शेवटचे श्वास घेत असताना, शेतापलीकडून मालगाडीचा भोंगा आला. लांबलचक. बोलणं ऐकू येईना. आईच्या भूमिकेतल्या बाईंनी घाई केली नाही. त्या डोळे मिटून थांबल्या, गाडी पूर्ण जाऊ दिली, वाघिणींची खडखड संपू दिली आणि मग नेमक्या त्याच शब्दावरून पुढे मरू लागल्या. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "ती रोजच जाते ना बाप्पा." तीन दिवसांत मालगाडीबद्दल ऐकलेलं सगळ्यात अचूक वाक्य ते.

कारण ती जातेच फक्त. कोरबाचा कोळसा इथे उतरत नाही, भिलाईकडचं पोलाद इथे उतरत नाही. तांदळाची तेवढी गोष्ट वेगळी; गोंदियाच्या गिरण्यांतून तो भरला जातो. बाकी या पट्ट्याच्या वाट्याला येतं ते बंद फाटक, आणि फाटकाशी बैलगाडी थांबवून सहाशे मीटर दुसऱ्याचा माल मोजणं. मला हे फोटोत दाखवायचं होतं. गाडी धूसर पळतेय आणि बैलगाडीवरचा माणूस अगदी स्पष्ट, कंटाळलेला. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर ठेवलं, कॅमेरा फाटकाच्या बाहेर भिंतीला टेकवला. पाच वेळा जमलं नाही, सहाव्या वेळी जमलं. त्यात बैलानेही जांभई दिली आहे, ती माझी कमाई नाही.

दुसऱ्या दिवसाची पहाट वैनगंगेसाठी राखली होती. वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधे रेल्वेचा पूल नदी ओलांडतो. इथे रूळ पूर्व-पश्चिम आहेत, आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो. म्हणून ब्रह्मपुरीच्या तीरावर, पुलाच्या उत्तरेला उभं राहिलं की समोर पूल आणि त्याच्या मागे उगवता सूर्य. धुकं असेल तर गाडी काळ्या कागदातून कातरल्यासारखी दिसावी, असा माझा हिशेब. पावणेसहाला वाळूत तिकाटणं रोवलं. धुकं असं की पुलाचे पहिले तीन खांब दिसत होते आणि चौथा अंदाजाने. धुक्यात कॅमेऱ्याला नेम सापडत नाही, भिंग नुसतं पुढे-मागे घुसमटतं. म्हणून दुसऱ्या खांबावर हाताने नेम धरून ठेवला. पांढऱ्या धुक्याला कॅमेरा राखाडी समजतो, म्हणून उजेड एक घर वाढवून घेतला. सगळं पुस्तकाप्रमाणे. नदीत एक डोंगा, त्यात जाळं सावरणारे ढीवर काका. ते डोंग्यातूनच ओरडले, "का फोटू काढता जी? धुक्यात का दिसते?"

सहा पन्नासच्या सुमाराला सूर्याचा तांबडा ठिपका आला, आणि नशीब पाहा, तेव्हाच गाडी आली. वडशाकडून, दोन इंजिनं, मागे बंद वाघिणी. मी अकरा फोटो घेतले. मनातल्या मनात चौकट करून भिंतीवरही लावून टाकला त्यातला एक. मग पडद्यावर पाहिलं तर सगळे दुधात बुडालेले. भिंगावर हात फिरवला, दव. तासभर उघडं ठेवलेलं भिंग हवेपेक्षाही गार पडलं होतं आणि त्याच्यावर बारीक थेंबांची साय धरली होती. गवतावर दव पडतं ते मला दिसत होतं, बुटांत शिरलं तेही कळलं होतं. भिंगही गवतासारखंच उघड्यावर आहे, हे सुचलं नाही. वीस वर्षं हा उद्योग करतोय.

तेव्हापासून गळ्यातला मफलर भिंगाला गुंडाळून ठेवतो आणि गाडीचा भोंगा ऐकू आला की काढतो. पुढची गाडी चाळीस मिनिटांनी आली तेव्हा धुकं वितळलं होतं, पूल साधा पूल झाला होता. बल्लारशाकडून येणारी रिकामी गाडी, पण इथे तिचं तोंड पूर्वेला, म्हणून तोंडावर स्वच्छ ऊन. नियमानुसार उत्तम फोटो. ढीवर काकांनी त्या दिवशी मला दोन मासे देऊ केले. बहुधा माझ्या चेहऱ्याकडे बघून.

नागभीडला फार थांबलो नाही. मामा आता नाहीत, छोटी गाडी नाही, आणि नव्या कामाच्या मातीच्या ढिगांचे फोटो काढायला मन घेईना. बोडीच्या पाळीवर बसून डबा खाल्ला. या भागात मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, आणि छोट्या बोड्या जागोजाग आहेत. रेल्वे कित्येकदा त्यांच्या काठाकाठाने जाते. पाणी स्थिर असलं तर गाडी उलटी दिसते. हा फोटो सगळेच काढतात. मीही काढला.

नागभीडच्या खाली मात्र जंगल सुरू होतं आणि सगळी गणितं बदलतात. सिंदेवाही, राजोली, मूल, केळझर. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आणि माणसं एकाच गावाच्या शिवारात राहतात. माणसं दगावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. पहाटे एकट्याने रुळांच्या कडेने बांधावरून फिरायचं, ही माझी नेहमीची रीत इथे मूर्खपणाची. मी गाडी रस्त्यालगत ठेवूनच थांबलो, आणि टपरीवाल्या दादांनी ऊन चांगलं वर येईस्तोवर हलू दिलं नाही. या मार्गाचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा लागतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीच्या जंगलात गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले. मालगाडी असो की प्रवासी, चार हजार टन असो की चारशे, समोर जनावर दिसलं म्हणून ती जागच्या जागी थांबत नाही. दुहेरीकरण झालं की रूळ दोन होतील, गाड्या वाढतील, थांबणं कमी होईल. जनावरांसाठी खालून-वरून वाटा केल्या जातात की नाही, यावर पुढचं सगळं आहे. फोटो काढताना मला गाडी थांबलेली हवी असते, असं मघाशी म्हटलं. इथे ती हळू गेली तरी चालेल.

दुपारी मूलच्या पुढे सागाच्या जंगलात एक वळण सापडलं, रस्त्यावरून दिसणारं. सागाची अर्धी पानं गळून गेलेली, उरलेली तपकिरी, त्यातून तिरपं ऊन. कोळशाने भरलेली गाडी चढ घेत हळूहळू आली. पानांचा रंग आणि वाघिणींच्या गंजाचा रंग इतका सारखा की गाडी जंगलातून निघते आहे की जंगलच सरकतंय, हे कळू नये. हा फोटो माझ्याकडे आहे. तीन दिवसांतला हाच एक मी कुणी न विचारता दाखवतो.

चांदाफोर्ट आणि बल्लारशा लवकर उरकले. तिथे गाड्या एवढ्या की भूकच मरते. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या, हवेत धुळीचा करडा थर आला, आणि यार्डात वाघिणी शेकड्यांनी उभ्या. खाणावळीत बसल्यावर जेवण जात नाही, तसं झालं.

परतताना पुन्हा त्याच टपरीवर थांबलो. आलुबोंडे तळून चालले होते. दादांनी पुतण्याला हाक मारली. विशीतला मुलगा, मोबाइल काढून मला चित्रफीत दाखवू लागला. शेताच्या माचणावरून काढलेली, संध्याकाळची, हात थरथरलेले. रूळ, दोन्ही बाजूंना गवत, आणि गवतातून निघून ती आली. रुळाच्या मधोमध थांबली. एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला, फाटकावर आपण पाहतो तसं. आणि पलीकडे गेली. नऊ सेकंद. नेम चुकलेला, रंग उडालेला. माझ्या भिंगाच्या किमतीत तसले वीस मोबाइल आले असते.

"मले धाडा ना तुमचा एखादा," तो म्हणाला, "जंगलातला, कोळशाच्या गाडीचा." मी त्याला वळणावरचा फोटो पाठवला. त्याने मला त्याची वाघीण पाठवली. दादांनी चहाचे पैसे घेतले नाहीत, आलुबोंड्याचे घेतले.